दोन सारख्या करडग्या

नांदेड,
१९ जानेवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ती. दादास,
महानंदाचा शि. सा. न. वि. वि.

लातूरच्या मंदिराच्या कळसारोहणाची पत्रिका मिळाली. अध्यक्ष म्हणून तुझं नाव ठळक छापलंय, आणि फोटोत तू असा बसलायस की कळस तुझ्याच डोक्यावर चढवणार आहेत. वहिनीला म्हणावं, नजर काढ. ह्यांना पत्रिका वाचून दाखवली. ऐकलं असेल असं वाटतं. बोलत तर नाहीतच.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि वहिनी मधे बसून सांगते त्यातलं निम्मं गाळते, म्हणून लिहायला बसले. दादा, मी लई थकले रे. दिवाळीत ह्यांचं डावं अंग गेलं, तेव्हापासून माझा दिवस कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो, मलाच कळत नाही. वीरेश पुण्याहून आला, आठ दिवस राहिला, रजा संपली, गेला. पोरगं तरी काय करणार? कूस बदलायची, पुसायचं, चादर धुवायची, भरवायचं, की पुन्हा कूस बदलायची. दर सोमवारचं मंदिर सुटलं. गल्लीच्या तोंडाशी आहे, घंटा इथं ऐकू येते, पण जाणार कशी? देव आपल्या घराकडं पाठ करून बसलाय की काय, असं वाटून राहिलंय.

घरची पूजा तेवढी धरून होते. ह्यांची डावी मूठ उघडत नाही. डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, तर हातच मिटलेला. म्हणून ह्यांचं लिंग मी माझ्या तळहातावर घेऊन ह्यांच्यासमोर धरायची, विभूती लावायची, बेलपान वाहायची. मग माझी पूजा. मग दोघांचं जेवण. कधी अकरा वाजायचे, कधी दोन, पण चुकवलं नव्हतं.

आता जे झालंय ते सांगते. रागावू नको. संक्रांतीला दोघांच्या गळ्यातले लिंगाचे दोरे बदलायला घेतले. दवाखान्याच्या चकरांत पार मळले होते. जुने दोरे कापून टाकले, करडग्या उघडून लिंगं बाहेर काढली, चांदीच्या त्या डब्या चिंचेनं घासल्या, लिंगं धुऊन एका ताटलीत ठेवली, तेवढ्यात ह्यांना उलटी झाली. धावले. सगळं निस्तरून परत आले, तर दादा, कुठलं ह्यांचं अन् कुठलं माझं, मला ओळखू येईना! करडग्या लग्नात आईनं एकाच सराफाकडून एकसारख्या घडवून घेतलेल्या. आतली लिंगं तशीच काळी, तशीच गुळगुळीत. इतकी वर्षं रोज हातात घेतलं, तरी ओळख पटू नये ना? उजेडात नेऊन पाहिली, डोळे मिटून तळहातावर घेऊन पाहिली. काही कळलं नाही.

जन्मल्यावर स्वामींनी माझ्या गळ्यात बांधलेलं, माझं एकटीचं, दुसऱ्या कुणाचं नव्हे, असं आई सांगायची. आता चुकीचं बांधलं तर? दोन्ही देवघरात ताटलीत ठेवलीत. दोघांचे गळे मोकळे आहेत. काय करू ते लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नको, एवढंच मागणं.

तुझी,
महानंदा


लातूर,
२५ जानेवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. सौ. महानंदास,
बसलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून बेजार झालो. अगं, दोरे एकाच वेळी दोघांचे कापतात का? लहानपणी तू दोन्ही चपला एकाच पायाच्या घालून शाळेत गेली होतीस, ती अजून तशीच आहेस. तुझी वहिनी कमलम्मा म्हणते, तिला बोलू नका, तिच्यावर डोंगर कोसळलाय. मी बोलत नाही. पण कायदा तो कायदा.

देवघरात जे ठेवलंयस ते तसंच राहू दे. अंदाजानं बांधायचं नाही. आपल्या आज्यानं घालून दिलेली रीत तुला ठाऊक आहे. पुराच्या पाण्यात त्याचं लिंग वाहून गेलं, तर नवं मिळेपर्यंत त्यानं अन्नाला हात लावला नव्हता. तू दूध घे, केळी घे, पण भाकरी-भात घेऊ नको. विरूपाक्षराव बिमार आहेत, त्यांना सगळं माफ. त्यांना वेळेवर भरवत जा.

कळसारोहण १७ फेब्रुवारीला, सोमवारी आहे. स्वामी येणार आहेत. त्या दिवशी तू लातूरला ये, तुला नवं देतील, त्यांचंही देतील. विरूपाक्षरावांपाशी एक दिवस कुणाला तरी बसव. आपल्या घरचं कार्य आहे असं समज. या मंदिरासाठी मी किती जोडे झिजवले ते तुला माहीत आहे. दगड कर्नाटकातून आणलाय. सभामंडपात पाय ठेवला की मन निवतं. तू येऊन एकदा डोळे मिटून बस, तुझा सगळा शीण उतरेल.

कमलम्मानं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, पण आता तुझा नेम चालू, म्हणून पाठवली नाही. ती त्यावरून माझ्याशी धड बोलत नाही. मला तसंही ऐकू येत नसल्यानं फारसा फरक पडलेला नाही.

प्रकृतीला जप. थोरल्या भावाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये.

तुझा दादा,
बसलिंगप्पा


नांदेड,
५ फेब्रुवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं चाललंय. दूध, केळी, कधी खजूर. भाकरी थापते ती ह्यांच्यासाठी, दुधात कुस्करून द्यायला. वास येतो तेव्हा जीव कासावीस होतो, पण त्याचं काही नाही. उपास आपल्याला नवे नाहीत.

लातूरला येणं होणार नाही, दादा. कुणाला बसवू? शेजारची शिल्पा तासभर बसते, तीही नोकरीवाली. ह्यांना उचलायला दोन माणसं लागतात. मी एकटीनं उचलायला शिकलेय, त्यानं कंबर गेली ती वेगळीच.

पण हे लिहायचं कारण दुसरंच आहे. ह्यांनी खाणं सोडलंय. आधी थोडं थोडं घ्यायचे. तुझं पत्र आल्यावर चार-पाच दिवसांत कमी होत गेलं, आणि आता चमचा नेला की ओठ घट्ट. पाणी घेतात, औषध दोन घोट दुधाबरोबर कसंबसं घेतात. पेज नाही, वरण नाही, काही नाही. उजव्या हातानं वाटी ढकलतात. कालची पेज सगळी अंथरुणावर सांडली. मी ओरडले, दादा. आजारी माणसावर ओरडले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

डॉक्टरीणबाई म्हणतात, असं राहिलं तर सोमवारी १७ला नाकातून नळी घालायची. एकदा नळी लागली की तोंडानं खाणं पुन्हा सुरू होईलच असं नाही, हेही म्हणाल्या. हे माणूस कसं खाणारं होतं तुला माहीत आहे. रेल्वेच्या ऑफिसातून आले की आधी चुलीपाशी डोकावून आज काय, असं विचारायचे. त्यांच्या नाकात नळी मला बघवणार नाही.

मला माहीत आहे ते का खात नाहीत. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं कळतं. गळा मोकळा आहे, पूजा नाही, म्हणून माणूस अन्न घेत नाही. तू त्यांना माफ केलंस, पण त्यांनी स्वतःला केलं नाही. आणि हे सगळं माझ्या हातून झालं. देवघरातल्या त्या ताटलीकडं बघायची मला भीती वाटते. देव तिथं आहे की नाही कुणास ठाऊक. इथं खाटेपाशी तर नक्कीच नाही. इथं नुसता फिनेलचा वास आहे.

तू काही तरी कर. नवं लिंग मिळालं तर कदाचित तोंड उघडतील. सोमवारच्या आधी.

वहिनीला शेंगाचटणीबद्दल जिवापासून आशीर्वाद सांग. मोठी आहे, पण आशीर्वादच सांग. माया असू दे, दादा, आत्ता तिचीच गरज आहे.

तुझी,
महानंदा


लातूर,
१० फेब्रुवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. सौ. महानंदास, अ. आ.

घाईत लिहितो. स्वामींना भेटलो. तुमच्या दोघांसाठी नवी लिंगं आणि विभूती घेऊन शनिवारी सकाळच्या बसनं निघतो, अहमदपूरमार्गे दुपारपर्यंत पोचेन. रविवारी पहाटे विधी उरकू. रविवारी संध्याकाळी मला निघावंच लागेल, अध्यक्षाशिवाय कळस कसा चढणार? तोवर नेम मोडू नको. इतके दिवस धरलास, आता चार दिवसांसाठी घालवू नकोस.

मला घ्यायला कुणी स्टँडवर येऊ नये. धीर धर. भेटीत सगळं बोलू.

तुझा,
दादा


नांदेड,
१७ फेब्रुवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. सौ. कमलम्मास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी येत नाही एवढं महानंदानं तुला फोनवर सांगितलंच. का येत नाही, ते तिला सांगता आलं नसणार, आणि मला फोनवर जमणारं नव्हतं. आत्ता तिकडं कळस चढत असेल. दोरी उपाध्यक्षानं धरली असेल. धरू दे.

शनिवारी पोचलो तेव्हा दार महानंदानं उघडलं. कमल, मी तिला ओळखलं नाही. आधी वाटलं, कामाला ठेवलेली कुणी म्हातारी आहे. बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पाया पडायला वाकली ती भिंत धरून उठली. मी केळी आणि दूध लिहून मोकळा झालो होतो, ते केळी आणि दूध असं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

विरूपाक्षरावांच्या उशाशी बसलो. मोठ्यानं विचारलं, ओळखलंत का. उजव्या हातानं माझा हात दाबला. तिन्हीसांजेला महानंदा पेज घेऊन आली. म्हटलं, दे, मी भरवतो, पाहुण्याला नाही म्हणणार नाहीत. चमचा नेला. ओठ मिटले. मी समजावलं, उद्या पहाटे विधी आहे, स्वामींनी नवं लिंग दिलंय, तुम्हाला माफ आहे, खा. त्यांनी वाटी ढकलली. माझ्या धोतरावर सांडली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. आजारी माणसाचा हट्ट म्हणून मी पुन्हा चमचा भरला. पुन्हा त्यांनी वाटीला हात लावला, पण या वेळी मी घट्ट धरली होती, म्हणून सांडली नाही. आणि तेव्हा मला दिसलं की ते वाटी लोटून देत नाहीत, सरकवतायत. एकाच बाजूला. त्या बाजूला महानंदा खाली बसून सांडलेलं पुसत होती.

मी तिला विचारलं, तू यांच्यासमोर शेवटचं कधी जेवलीस? ती म्हणाली, तुझं पत्र आल्यापासून नाही. त्यांची खाट अशी आहे की तिथून स्वयंपाकघर सगळं दिसतं. भाकरी एकच थापली जाते, ताट एकच वाढलं जातं, हे तो माणूस रोज पडल्या पडल्या बघत होता. जीभ चालत नाही, तर विचारणार कसा? म्हणून तोंड मिटून बसला. लिंगासाठी नव्हे, विधीसाठी नव्हे. बायको उपाशी आहे म्हणून.

मी वाटी तिच्यापुढं केली. ती म्हणाली, दादा, पूजा नाही झाली. मी म्हणालो, खा. ती पुन्हा फरशी पुसायला लागली. मी ओरडलो, खा म्हणतो ना! माझं ओरडणं तुला ठाऊक आहे, गल्लीतल्या कुत्र्यांनी माना वर केल्या असतील. तिनं एक घास घेतला. रडत होती, गिळता येत नव्हतं. विरूपाक्षराव बघत होते. तिनं गिळला, आणि कमल, त्या माणसानं तोंड उघडलं. आपण होऊन. पाखराच्या पिल्लानं उघडावं तसं.

मग एक घास तिला, एक त्यांना, असं करत वाटी संपली. दुसरी आणली. मध्येच त्यांनी तीच वाटी माझ्याकडं सरकवली. माझी सायंपूजा व्हायची होती. पूजेशिवाय मी कधी पाणीसुद्धा घेतलेलं नाही, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत? मी खाल्लं. आळणी होती. मला त्या वेळी भीती वाटली, की आपण इतकी वर्षं ज्याला नैवेद्य दाखवतो, तो समोर पडून मला भरवतोय, आणि मी त्याच्या बायकोला उपाशी ठेवायचं पत्र पाठवून बसलोय.

रविवारी सकाळी स्वामींनी दिलेली नवी लिंगं पिशवीतून काढलीच नाहीत. ताटलीतल्या दोन्ही करडग्या घेतल्या, नवे दोरे ओवले. महानंदा म्हणाली, कुठलं कुणाचं ते कसं कळणार? मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळतं, तू मान पुढं कर. एक तिला बांधलं, एक त्यांना. त्यांना बांधताना त्यांची डावी मूठ हातात घेऊन मी बराच वेळ चोळली. उघडली नाही. उघडेल असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. पण नळी घालायचं आज तरी रद्द केलंय.

स्वामी विचारतील. तू त्यांना काय सांगशील ते सांग, तुला माझ्यापेक्षा बरं सुचतं. मंडपात नारळ फोडायला माझ्या जागी तू उभी राहिली असशील तर उत्तम, नसलीस तर तेही उत्तम.

माझी दोन धोतरं, कानाचं यंत्र (टेबलाच्या खणात आहे, मी वापरत नाही म्हणून तू रागावतेस ते) आणि शेंगाचटणी कुणाबरोबर तरी पाठव. चटणी जास्त पाठव. विरूपाक्षरावांना जिभेवर लावायची आहे. यंत्र मला हवं आहे, कारण सकाळपासून ते काहीतरी बोलायचा प्रयत्न करतायत. महानंदा म्हणते, नुसता आवाज आहे, शब्द नाही. मला तो आवाज ऐकायचा आहे.

मी कधी येईन ते विचारू नको. इथं खाटेपाशी बसून फार बरं वाटतं, आणि फार दमायलाही होतं. तुझी आठवण येते हे या वयात लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

तुझा,
बसलिंगप्पा