हळूच म्हटलेलं 'होय'

तिसगाव, ११ मार्च १९७३, रविवार

दुष्काळी कामांवर मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, म्हणून सरकारनं परवा विधानसभेत वाढीव मागणी मांडली. आमच्या विरोधी पक्षाचं ठरलं होतं, 'नाही' म्हणायचं. आधी खर्च, मग मंजुरी, तर सभागृह हवं कशाला? मलाही पटलं होतं. पण अध्यक्षांनी आवाजी मत विचारलं आणि माझ्या तोंडून 'होय' निघालं. अगदी हळू. शेजारच्या आमदारानंही ऐकलं नसावं.

आज त्यातल्याच एका रस्त्याच्या कामावर गेलो. खडी फोडणाऱ्या सरूबाईनं हातोडी थांबवून विचारलं, "आबा, ह्या कामाच्या पैशाचं इचारलं तवा तुमी तिथं मुंबईत काय म्हनला?"

"होय म्हणालो."

"मोठ्यानं?"

"नाही. हळूच."

"का वो? कुनाला भ्यालात?"

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळपासून तेच डोक्यात. इतकं हळू का? नियम चुकीचा नाही. मंजुरी आधीच घ्यायला हवी होती. पण काम बंद पडलं असतं तर ह्या बाया कुठं गेल्या असत्या? दोन्ही गोष्टी उभं राहून बोलता आल्या असत्या. उद्या मुंबईला गेल्यावर पक्षनेत्यांना सांगतो, मी मागणीच्या बाजूनं मत दिलं. रागावतील. रागावू देत.