भट्टीचे सील दोन भाजण्यांपुरते काढून मिळण्याबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीजपुरवठा उपविभाग कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : घरगुती मातीकाम व्यवसायासाठी घेतलेल्या विजेच्या भट्टीचे सील दोन भाजण्यांपुरते काढून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने मीटरवर चिकटवलेली नोटीस.
२) आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल.
३) माझा यापूर्वीचा अर्ज. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून कळवतो की, सदर भट्टीचे मीटर माझ्या पत्नीच्या नावे आहे. ती मार्च महिन्यात वारली. मी छापखान्यात बाइंडिंगचे काम करत होतो, आता घरी असतो. अर्ज लिहिण्याची सवय नाही. मागच्या अर्जात मी फार थोडे लिहिले होते, म्हणून उत्तर आले नसावे असे वाटते. या वेळी सर्व लिहीत आहे.

२. मुलगी लग्न होऊन गेल्यावर पत्नी हौस म्हणून मातीकाम शिकायला जाऊ लागली. सुरुवातीला तिने नुसत्या साबणदाण्या केल्या. त्या इतक्या झाल्या की कोणाही नातेवाइकाकडे हात धुवायला गेले तरी आमचीच वस्तू समोर येई. माझी मेव्हणी म्हणायची, "ताई, आता एखादा साबण पण दे." पुढे हात बसला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तिचा एक कप पाहिला आणि दुकानासाठी तसेच कप मागितले. तेव्हा तिने आपल्याच कार्यालयात रीतसर अर्ज करून वेगळे मीटर घेतले. मागच्या अडगळीच्या खोलीतला माझा सगळा पसारा बाहेर काढून तिथे चाक, फळ्या आणि भट्टी बसवली. माझा पसारा अजून जिन्याखाली आहे.

३. चहावाल्याचे कप चाकावर करून झाले होते. कान लावायचे राहिले होते. कप आणि कान वेगवेगळे बनतात आणि कप ओलसर असतानाच कान चिकटवावे लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. रिक्षा दारात उभी होती, हॉस्पिटलची पिशवी माझ्या हातात होती. ती मागच्या खोलीत गेली, कपांवर ओले कापड टाकले, वर प्लॅस्टिक घातले आणि मला म्हणाली, "अहो, कापड ओलं ठेवा. आले की कान लावते." मी हो म्हणालो.

४. त्याप्रमाणे मी कापड ओले ठेवत आलो. सकाळी दात घासून झाले की कापड काढायचे, पाण्यात बुडवायचे, पिळायचे, पुन्हा टाकायचे. ती गेल्यावर ते बंद करायचे की नाही हे मला कोणी सांगितले नाही. मुलगी दिवसकार्यासाठी आली होती, ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आई आता येणार नाहीये. सुकू द्या ते." मी म्हटले, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिळले. मधे कपांवर बुरशी आली, ती पुसून काढली. याशिवाय मार्च ते जून मी काय केले ते मला नीट आठवत नाही, म्हणून लिहीत नाही.

५. जूनमध्ये आपल्या कार्यालयाची नोटीस लागली की, भट्टीचा वापर नसल्याने व्यवसाय बंद झाला आहे असे समजून मीटर काढून नेण्यात येईल. मी खिडकीवर जाऊन चौकशी केली. तिथल्या बाबूंनी नाव बदलण्याचा फॉर्म दिला. त्यात जुन्या ग्राहकाची ना-हरकत सही मागितली आहे. मी विचारले ती कशी आणायची. ते फॉर्मकडे पाहतच म्हणाले, "त्यांना घेऊन या, इथेच करून घेऊ." मृत्यूचा दाखला पुढे सरकवल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला स्टूल दिले. तरी तो रकाना रिकामा चालत नाही असे ते म्हणाले. हयातीत पत्नी माझ्या पुष्कळ गोष्टींना हरकत घेत असे, परंतु भट्टी तिचीच असल्याने तिला नव्हती, एवढे मी खात्रीने लिहून देऊ शकतो.

६. त्यांनी पुढे विचारले, "आता धंदा कोण करणार?" मी म्हटले, मी. ते म्हणाले, "मग तसं लिहा." मी तसे लिहिले. लिहून दिल्यावर ते खोटे ठेवणे बरे नव्हे, म्हणून पत्नी जात असे त्याच मातीकामाच्या वर्गाला मी जाऊ लागलो.

७. ऑगस्टमध्ये आपले निरीक्षक पाहणीस आले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी चपला बाहेर काढल्या. "काका, माल कुठाय?" असे विचारले. मी कापड उचलून कप दाखवले. ते म्हणाले, "हे कच्चे आहेत. पक्का माल दाखवा." मी म्हटले, पक्का करायलाच भट्टी लागते साहेब. त्यांनी हातातला फॉर्म पुन्हा वाचला. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण माझ्याकडे रकाना पक्क्या मालाचा आहे." मग त्यांनी भट्टीच्या स्विचला सील लावले आणि याच भट्टीत भाजलेला पक्का नमुना कार्यालयात दाखवल्यावर सील निघेल असे सांगितले. म्हणजे सील निघाल्याशिवाय नमुना नाही आणि नमुन्याशिवाय सील निघत नाही. हे मी त्यांना जिन्यात पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "अर्ज करा."

८. अहवालाची प्रत मला मिळाली. त्यात लिहिले आहे, "जागेवर उत्पादन आढळले नाही. अर्जदार मातीच्या कपांवर ओले कापड घालत असल्याचे आढळले. अर्जदाराची मनःस्थिती ठीक वाटत नाही." यातील शेवटच्या वाक्याबाबत माझे काही म्हणणे नाही. मधल्या वाक्याबाबत आहे. कप सुका आणि कान ओला असला की कान सुकताना आवळतो आणि गळून पडतो. दोन्हींचा ओलावा सारखा लागतो. त्यामुळे कापड ओले ठेवणे हा उत्पादनाचाच भाग आहे. वर्गातल्या बाईंनी तसे लिहून दिले आहे, ते सोबत जोडले आहे. मला स्वतःला हे सप्टेंबरमध्ये कळले. त्याआधी मी नुसताच पिळत होतो, हे खरे आहे.

९. माझे आयुष्य कागदाबरोबर गेले. त्या कामात ओला हात लावला की शिव्या मिळतात. मातीकामात कोरडा हात लावला की काम फाटते. मातीचा गोळा एका हाताने धरून दुसऱ्या ओल्या हाताने खाली ओढत ओढत कानाची पट्टी करतात. बाई म्हणाल्या, "काका, गाईची धार काढतो ना, तसं." मी कधी गाय पाळली नाही. माझे पहिले कान जाड झाले. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुली म्हणाल्या, "बाइंडरकाका, हे कान आहेत की दाराच्या कड्या?" नंतर ते बारीक झाले आणि तुटू लागले. ऑक्टोबरअखेर टिकू लागले.

१०. गेल्या आठवड्यात मी पत्नीच्या कपांना कान लावले. आधी बाईंना विचारले होते की तुम्हीच लावून द्याल का. त्या म्हणाल्या, "मी देईन लावून. पण मग ते माझे होतील." मापाची अडचण आली नाही, कारण कान जिथे चिकटवायचा तिथे पत्नी प्रत्येक कपावर अंगठा दाबून खूण करून ठेवत असे. दोन्ही बाजू ओरखडून, पातळ माती लावून कान त्या खुणेवर बसवला. बसवल्यावर खूण कानाखाली झाकली जाते. हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते, पहिला कप झाल्यावर आले. त्यानंतर दुसरा कप मी परत फळीवर ठेवला. परंतु चहावाल्याला बिनकानाचे कप चालत नाहीत, गिऱ्हाइकाचा हात भाजतो. म्हणून बाकीचेही लावले. सगळे लावले.

११. आता कापड काढून टाकले आहे. कप हळूहळू सुकत आहेत. सकाळी दात घासून झाल्यावर हाताला काम राहत नाही, म्हणून हा अर्ज आज सकाळी लिहायला घेतला.

१२. सुकलेला कच्चा कप फार नाजूक असतो. धक्का लागला तर तुटतो आणि पाणी लागले तर पुन्हा चिखल होतो. म्हणून सगळे कप रिक्षातून दुसरीकडच्या भट्टीपर्यंत नेता येत नाहीत. कान लावलेले हे कप पुन्हा ओले करून ठेवता येत नाहीत आणि तसेच ठेवले तर टिकत नाहीत. तिच्या हातचे यानंतरचे काही नाही. चहावाला रोज विचारतो, "काका, थांबू की काचेचे घेऊ?" त्याला मी थांब म्हटले आहे.

१३. तरी विनंती की, सील दोन भाजण्यांपुरते काढून द्यावे. एकदा म्हटले असते तर चुकीचे झाले असते. पहिल्या भाजणीत कप पक्का होतो आणि झिलई लावून दुसऱ्यांदा भाजल्यावर तो चहा पिण्याजोगा होतो. दोन्ही वेळा निरीक्षकांना समोर बसवावे, माझी हरकत नाही. त्यानंतर मीटर कोणाच्या नावे ठेवायचे, ठेवायचे की न्यायचे, हे नियमाप्रमाणे करावे. मीटर राहिले तर मी काम करीन. कप मला सध्या जेमतेम जमतो, साबणदाणी जमते.

१४. उत्तर देण्यास वेळ लागणार असेल तर तेवढे तरी कळवावे. मी घरीच असतो.

आपला नम्र,
(सही)
मयत ग्राहकाचा पती
व सध्या त्याच जागी मातीकाम करणारा

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) ओल्या कापडाबाबत वर्गातील बाईंचे पत्र.
३) नाव बदलण्याचा फॉर्म. ना-हरकतीचा रकाना रिकामा आहे.
४) नमुन्यादाखल कप एक, कानासह. हा पत्नीच्या कपांपैकी नाही, अर्जदाराने स्वतः केलेला आहे. कच्चा असल्याने त्यात कार्यालयातील कोणी चहा ओतू नये. सील निघाल्यावर पक्का बदलून देण्यात येईल.