बाबांचा नेम

३ मार्च

ती. ताईस, भुंग्याचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचा डोळा मामाने नाही, मी घालवला.

त्यांच्या थेंबांची रिकामी बाटली माझ्याकडे होती. पिचकारी झकास व्हायची. दुकानातल्या पंक्चर बघायच्या टबातलं काळं पाणी भरायचं आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर उडवायचं. गेल्या आठवड्यात गडबडीत ती बाटली फळीवर राहिली, खऱ्या बाटलीशेजारी. सकाळी मामाने रोजच्यासारखे बाबांना थेंब घातले. माझ्या बाटलीतले.

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, पू वाहतोय, बाबा भिंतीवर डोकं आपटतायत. मामा धरायला गेला, तर काय घातलंस म्हणून बाबांनी चाकाचा पाना त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात टबात पडले. तरी मामानेच, रक्त गिळत, त्यांना दवाखान्यात नेलं.

एक डोळा काचबिंदूने आधीच नेलेला. ऑपरेशन करून वाचवलेला हा एकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आतलं पाणी निघायला पापणीखाली जी वाट केलीय, तिच्यावरची कातडी फोडासारखी पातळ असते. दोन वर्षांनीसुद्धा तिथून घाण आत शिरते. डोळ्यात सुई टोचून औषध दिलं. बाटलीचं मी बाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी माझा कान पिळला. बाबांना सांगायची छाती नाही. घरी गेल्यावर मामाचे उरलेले दातही पाडतो म्हणतायत.

भुंग्या


७ मार्च

चि. भुंग्यास अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला, मनात शिव्या आहेत. तुला त्याच टबात बुडवून बुडबुडे मोजावेसे वाटतात.

तू लहानपणी गोदामाला आग लावलीस, तेव्हाही मामानेच आळ अंगावर घेतला होता. आता दातही त्यानेच द्यायचे का? बाबा घरी आले की पहिलं त्यांना खरं सांग. मार बसेल, पळू नकोस. आणि त्यांना दिसतंय का ते कळव, मला घास उतरत नाही.

त्यातून उरलास तर माझी माया आहेच.

ताई


१५ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. काल बाबा आले, मी टायरींच्या ढिगापुढे उभा राहून सगळं ओकलो. आधी पट्टा, मग लाथा, मग नाकावर बुक्की. नाक मोडलं. मामा मध्ये पडला, त्याला ढकलून दिलं. पळालो नाही हं.

मग बाबा दहा पावलं मागे गेले आणि रबरी हातोडा उचलला, पूर्वी कधी नेम न चुकणारा तोच. बाबांना दिसतंय का, ते आता कळणार होतं. दोनदा हातोडा उगारून खाली घेतला, ताई. मला मारताना असे अडखळले नव्हते.

फेकला. माझ्या डोक्यापासून चांगला हातभर लांब चालला होता. मी डोकं तिकडे नेलं. धप्पकन कपाळावर.

बाबा आधी थिजले, मग इतके हसले की खालीच बसले. मामाला म्हणाले, बघ मेव्हण्या, अजून नेम आहे! मामा बोळक्या तोंडाने रडायला लागला. मग बाबांनी त्याच्या जबड्यावरून हात फिरवला.

बाई म्हणतात नजर थोडी गेलीय, किती परत येईल ते सांगता येत नाही. कपाळाला पाच टाके आहेत.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, पण ताई, पाया पडतो, मी डोकं पुढे केलं हे कुणाला सांगू नकोस. मामालासुद्धा नाही. बाबांना तर मेलीस तरी नाही. पत्र फाड. फाडलंस ना?