खांब नदीला मिळाले

बेल्डन फॉल्स, मिनेसोटा
१९ नोव्हेंबर १९६२

तीर्थस्वरूप सिग्नेवहिनींस आर्विडचा नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? थंडी पडली की कुरकुरतात म्हणाला होतात, आणि थंडी तर पडलीच. कोंबड्या अंडी देताहेत ना? मी ठीक. थोडं पडसं झालंय, डोक्याला वारं लागलं, बाकी काही नाही. तुम्ही नाताळात विणून दिलेली लाल टोपी रोज घालतो. (कानपट्टीवर माझं नाव भरलंत ते बरं केलंत. कॉलेजात लोक वस्तू उचलतात.)

आता फुटबॉलचं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. यंदा आपलं कॉलेज ओळीने नऊ सामने हरलं. पहिला एकेचाळीस-शून्य. दुसऱ्याला पोरांनी कंबर कसली, तो अडतीस-शून्य. पाद्रीबुवांनी चौथ्या सामन्याआधी विजयासाठी प्रार्थना केली, सहाव्याआधी निदान कोणाचे हातपाय मोडू नयेत म्हणून, आणि आठव्याला ते बहिणीकडे निघून गेले. प्रशिक्षक लुंडीन भला माणूस, पण त्याचे डावपेच आपल्या पोरांना कधी पाठ झाले नाहीत, समोरच्यांना मात्र झाले. शिवाय प्रत्येक कॉलेज माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला हमखास हरणारा पाहुणा शोधत असतं, तर यंदा चार मेळाव्यांना पाहुणे आम्हीच. एके ठिकाणी बायकांनी आमची बस थांबताच सफरचंदाचे केक पुढे केले आणि म्हणाल्या, यंदाही आलात, बरं वाटलं. (केक चांगले होते. आपल्या पोरांनी दोन-दोन हाणले आणि मग त्यांना पळवेना.)

सगळं गाव सुतकात, मी एकटा खुशीत. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, घरचा सामना जिंकला की पोरं गोलाचे खांब उपटून नदीत टाकतात. पाच वर्षांपूर्वी टाकले, तेव्हा हॅल्वरदादाने आणि मी बाबांच्या जुन्या गोठ्याच्या तुळया तासून नवे उभे केले. त्याच हिवाळ्यात दादा गेला. त्याच्या हातचं तेवढंच माझ्या वाट्याला राहिलं, आणि ते राहिलं ते पोरं त्यानंतर घरी एकदाही जिंकली नाहीत म्हणून. खोटं कशाला बोलू, दर शनिवारी मी समोरच्यांसाठी देवाला साकडं घालायचो. मैदान राखणाऱ्याने आपल्याच संघाचा पराभव मागायचा हे पाप खरंच, पण देव ऐकत होता, त्याला मी काय करणार?

परवाचा दहावा सामना शेवटचा. धोका काही दिसत नव्हता, तरी खबरदारी म्हणून मी सकाळीच खांबांना डुकराची चरबी फासली, म्हणजे कोणाचा हात ठरायला नको. (उंदरांच्या पिंजऱ्यासाठी म्हणून तुमच्याकडून नेलेले ते दोन डबे.) पण घडलं भलतंच. समोरचे वीस, आपण चौदा, घड्याळ संपत आलेलं, आणि आपला लार्स एकेबर्ग नावाचा रेडा चेंडू काखोटीला मारून रेषेपार जाऊन आडवा झाला. चेंडू असा रेषेपार नेला की सहा गुण. वीस-वीस. तुम्ही सामने बघत नाही म्हणून सांगतो, यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडायचा असतो, त्याचा एक गुण. तेवढा मिळाला की जिंकलो. पण जिंकायचं कसं असतं हे इतक्या वर्षांनी कोणाला आठवणार? कोणीतरी ओरडलं, जिंकलो रे! झालं, नऊशे पोरं मैदानात. पंचाने शिट्टी फुंकून फुंकून गाल सुजवले, तोवर खांब पुलाकडे निघाले होते. चरबीने एवढंच केलं की पोरं माखली.

लाथाडायचं तर खांब नाहीत. पंच म्हणाला, मग पुन्हा चेंडू घेऊन रेषेपार घुसा, दुसरा मार्ग नाही. लार्स घुसलाही असता. पण मघाशी त्या माखलेल्या पोरांनी त्याला कडकडून मिठ्या मारल्या होत्या. चेंडू त्याच्या हातातून असा सटकला की थेट समोरच्या प्रशिक्षकाच्या बुटांशी जाऊन थांबला. खेळ खलास. नऊ पराभव, एक बरोबरी. लुंडीन बाकावर बसून रडला, ते मला पाहवलं नाही.

आता डीनसाहेबांनी चौकशी समिती नेमली आहे. पहिला ओरडला कोण आणि खांबाला पहिला भिडला कोण, ते शोधून त्याला कॉलेजातून हाकलणार आहेत. मीही समितीपुढे म्हटलं, हाकलाच. आजकालच्या पोरांना कशाची किंमत म्हणून नाही.

गुडघ्यांना शेक देत जा, आणि औषध बाटलीत ठेवायला दिलेलं नसतं हे लक्षात असू द्या.

तुमचा दीर,
आर्विड

ता.क. खांब लाकडाचे, तेव्हा वाहत वाहत तुमच्या घरामागच्या वळणावर अडकले असणार. जावईबापूंना ट्रॅक्टर लावून काढायला सांगा, नदी गोठायच्या आत. एकदा गोठली की एप्रिलपर्यंत पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहतील.

आणखी एक. जावईबापूंच्या आधी तुम्ही एकट्या जाऊन या (गुडघे सांभाळून). डाव्या खांबाला, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, चरबीत एक लाल टोपी चिकटलेली असेल. कानपट्टीवरचं नाव तेवढं उसवून टाका.

आणि शेवटचं. वहिनी, मला खरंच वाटलं, आपण जिंकलो. दादा असता तर उजव्या खांबाला तोच भिडला असता.