थिनरने पुसलेल्या रेघा

बाबा,

मी बनवत असलेल्या विजेच्या मोटरच्या पारदर्शक पट्टीवरची ‘काजळी’ तुम्ही थिनरने घासून काढलीत म्हणे! वर आई कौतुकाने सांगत होती. अहो, काजळी कसली? त्या केसाएवढ्या बारीक रेघा मी मुद्दाम छापून घेतल्या होत्या. त्या मोजूनच पट्टीवरून सरकणाऱ्या मोटरच्या गाड्याला कळतं, आपण कुठवर आलोय. आज चालू केली, तर गाडा सुसाट सुटला आणि टोकाला आपटून फुटला. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात!

पट्टी पुन्हा छापायला चाललेय. जेवायला माझी वाट बघू नका.

स्वयंपाकघराच्या दारावर माझ्या उंचीच्या रेघा आहेत. रंगाऱ्याला त्यांना हात लावू दिला नव्हता तुम्ही. त्या माझ्या, मग या कोणाच्या वाटल्या?

— धाकटी