दौलतची हस्सासिया

रविवार, ९ नोव्हेंबर

ताप हटत नाही! कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने आजही त्याची ती ठरलेली मिश्र सुई टोचली — सर्दी असो, पाठदुखी असो, सगळ्या दुम्यात शहराला तीच. दौलतला, माझ्या बायकोला, तासभर बरं वाटतं, मग पुन्हा हुडहुडी. पाठीला हात लावू देत नाही. "तू कारखान्यात जा, खुर्च्यांना पॉलिश कोण करणार?" म्हणते. एवढ्या तापातही हिला माझी अडचणच!

सोमवार, १०

रुग्णालयात आणली. जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेलेत म्हणे. साखरही वाढलीय. डॉक्टरीण तरुण आहे, मिरवत नावाची. आधी दौलतच्या हातावर थेंबभर औषध टोचून बघितलं — अंगाला सोसतंय ना. सोसलं. मग बाटली लावली.

मी चिडूनच विचारलं, इतक्या सुया झाल्या, हिच्यात काय मोठं?

"हाजी, त्या सुईने ताप नुसता झाकला जात होता. ही दोन औषधांची जोडी आहे. नुसतं पहिलं दिलं, तर हे जंतू ते फोडून टाकतात. दुसरं त्यांना फोडू देत नाही. मग पहिलं त्यांना मारतं."

म्हणजे एकाने अडवायचं आणि दुसऱ्याने ठोकायचं, मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही. रक्त घेऊन गेलेत — त्यातले जंतू वाढवून बघणार, कुठल्या औषधाने मरतात ते.

बुधवार, १२

ताप जरा कमी. माझ्या मेव्हणीने, इन्शिराहने, भरलेलं बदक करून आणलं. दौलतने तोंड फिरवलं. मग इन्शिराहच रडत रडत अर्धं खाऊन बसली. "दाजी, टाकवत नाही हो!" म्हणे.

गुरुवार, १३

बाकावर झोपून कंबर गेली. दौलत दिवसभर माझ्याकडे बघत होती. काय हवं विचारलं, तर काही नाही.

शुक्रवार, १४

नमाज पढून आलो तर दुसरीच बाटली लावलेली! नर्स म्हणाली, "तिला त्या औषधाची हस्सासिया आहे, अंगाला सोसत नाही ते, कळलं आम्हाला. उगाच जीव धोक्यात कशाला?" प्रयोगशाळेचा माणूस इन्शिराहला 'हस्सास' असं सांगून गेला होता म्हणे. इन्शिराह घरी गेलेली. मिरवतबाईंची सुट्टी. मला तर धडकीच भरली. वेळेवर कळलं, अल्लाची कृपा!

शनिवार, १५

काय दिवस हा! ताप पुन्हा भडकला. दौलत बरळायला लागली, मला ओळखेना. हात बर्फासारखे गार. मी तिच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडलो. हिच्याशिवाय मी काय करू?

संध्याकाळी मिरवतबाई आल्या आणि ओरडल्याच. "औषध कोणी थांबवलं? हस्सास आहेत ते जंतू! म्हणजे या औषधाने ते मरतात! अंगाला न सोसण्याची हस्सासिया निराळी. ती तर आपण पहिल्याच दिवशी तपासली!"

एकच मेला शब्द दोन्हीला! पहिली बाटली पुन्हा लावली. पण दीड दिवस फुकट गेला.

इन्शिराहला बाहेर गाठून मी नाही नाही ते बोललो. बहिणीच्या जिवावर उठलीस, म्हटलं. ती रडत एकच सांगत राहिली, "दाजी, मी नर्सशी बोललेच नाही. दौलतला सांगितलं फक्त, औषध लागू पडतंय म्हणून. आनंदाने सांगितलं हो!" खोटारडी. पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस, म्हणून हाकलली.

रविवार, १६

तसाच ताप. लिहायला त्राण नाही.

सोमवार, १७

पहाटे घाम फुटून ताप उतरला! मिरवतबाई म्हणाल्या, "निभावलं, हाजी. पण बाटल्या अजून आठवडाभर. मध्ये एकही चुकवायची नाही." मी खाली जाऊन मुशब्बकची मिठाई आणली आणि अख्ख्या वॉर्डात वाटली. आता घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटतंय. पण हिला सोडवत नाही.

मंगळवार, १८

दौलतने विचारलं, इन्शिराह कुठेय? हाकलली म्हटलं. का, तेही सांगितलं.

तिने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, "तिला बोलावून घे. तिच्या पाया पडून माफी माग. नर्सला मी सांगितलं, मला हस्सासिया आहे म्हणून."

तुलाही त्या शब्दाचा अर्थ कळला नाही का, मी विचारलं.

"कळलं होतं, रिफ्अत. नीट कळलं होतं. दमले रे मी. आणि तू त्या बाकावर असा... बघवेना मला."

दुपारची बाटली घेऊन नर्स आली. दौलतने हात पांघरुणाखाली घेतला होता. मी तो बाहेर काढून धरून ठेवला. तिने ओढून घेतला नाही.