चार टनांचं गणित

४ जून
अपूर्णांकातच गाडी अडलीय. पाचवीच्या पुस्तकात! वय त्रेचाळीस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना पाव नंबर, अर्धा नंबर समजावून सांगते, आणि घरी दोन छेद तीनला चार छेद पाचने भागता येत नाही. शाळेत गणितात नापास झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "राहू दे, तुला कुठे रॉकेट सोडायचंय." रॉकेट नाहीच सोडायचं. पण धाकट्या भावाच्या हातून काय झालं, ते मला कळायला हवं.

५ जून
नाही जमलं.

९ जून
एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातला गुंता तरी सुटेल. धाकटा क्रेनला माल बांधून द्यायचा. फेब्रुवारीत एका गोदामात चार टनांचं मशीन उचलताना पोलादी तारांचा दोर तुटला, आणि त्याचा जोडीदार लंबू खाली सापडून गेला. कंपनीचा इंजिनियर घरी येऊन सांगून गेला — दोर चांगला होता, बांधताना कोन चुकला. कोन! धाकटा तेव्हापासून खिडकीशी बसून एकच पालुपद लावतो. "ताई, दोन दोर होते. अर्धं अर्धं वजन. म्हणजे एकावर दोन टन. आठ टनांपर्यंत न तुटणारा दोर दोन टनांनी तुटेल का? गंजका दोर दिला त्यांनी."

नोकरी गेली. लंबूच्या बायकोने दार लोटून घेतलं. दाढी नाही, आई मागे लागेल तेव्हा अंघोळ. परवा आईला म्हणाला, "माझ्यामुळे गेला असेल तर मी तरी कशाला राहू?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी कुणाकडे बघू? कोनाचा आणि वजनाचा काय संबंध, हे घरात कुणाला सांगता येत नाही. ओळखीच्या एका वकिलाला विचारलं, तो म्हणाला, मलाही नाही. मग मीच शिकणार. दुसरं कोण आहे?

२ जुलै
बीजगणित. क्ष म्हणजे काय, तर काहीही! मालकांनी काउंटरखाली पुस्तक पाहिलं. "या वयात परीक्षेला बसताय की काय, बाई?" हसले. मीही हसले. मग मागच्या खोलीत काचा पुसता पुसता रडून घेतलं. आईला वाटतं मी वेळ घालवते आहे. खरं असेल.

१९ ऑगस्ट
भौतिकशास्त्राचं पुस्तक जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलं. प्रत्येक ओळीत एक शब्द असा, की त्यासाठी मागचं पुस्तक उघडावं लागतं, आणि त्या पुस्तकासाठी त्याच्या मागचं. विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. विचारायला माणूस नाही. उत्तर चुकलं तर कुठे चुकलं, हे सांगणारंही कुणी नाही. डोकं दगड आहे माझं. शाळेतल्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

७ सप्टेंबर
चार दिवस पुस्तकाला हात लावला नाही. धाकट्याने विचारलं, "सोडलंस?" बस, एवढंच. पुन्हा काढलं.

१४ ऑक्टोबर
सुटलं! सकाळी, दुकानाला निघायच्या आधी. धाकट्याकडून मापं घेतली — मशीन पाच मीटर लांब, दोर त्याच्या दोन टोकांना, हुक मधोमध पण जेमतेम अर्धा मीटर वर. छत खाली होतं, म्हणून आखूड दोर घेतले. कोन अकरा अंश. पुस्तकातल्या सूत्रात घातला. एका दोरावर दोन टन आणि वर किंचित. म्हणजे अर्धं अर्धंच! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

धाकट्याला दाखवलं. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आईने भाजी करपवली. कुणाला काही वाटलं नाही.

१७ ऑक्टोबर
दाढी केली! ताट पुसून जेवतो. काल लंबूच्या घरी जाऊन आला. तिने आत घेतलं, पाणी दिलं. "तुझी चूक नव्हती तर इतके दिवस का तोंड लपवलंस," म्हणाली. हे सांगताना हसत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा घर घरासारखं वाटलं.

२१ ऑक्टोबर
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ओली चादर दोरीच्या मध्ये टाकली, दोरी खाली आली. वर घ्यावी म्हणून टोक ओढायला लागले. जितकी सरळ करावी, तितका जोर जास्त. हाताला काचली. शेवटी तर पाय रोवूनही सरळ होईना.

एक चादर. एवढा जोर?

माझ्या सूत्राप्रमाणे उलटं व्हायला हवं होतं. दोरी जितकी सरळ, तितका ताण कमी. कपडे तसेच टाकून खाली आले.

२२ ऑक्टोबर
पुस्तकातल्या चित्रात कोन उभ्या रेषेपासून मोजलाय. मी आडव्या रेषेपासून मोजला. एवढंच. मास्तर असता तर एका नजरेत सांगितलं असतं.

पुन्हा केलं. एका दोरावर दहा टन. दहाच्याही वर. दोर आठला तुटतो.

दोर चांगला होता. इंजिनियर खोटं बोलला नाही. छत खाली होतं तर मधे लोखंडी दांडा घालून दोर उभे घ्यायचे, असं पुस्तकातच पुढच्या पानावर आहे. मीच पान उलटलं नव्हतं. धाकटा म्हणतो अर्धं अर्धं, कारण त्याला कुणी दुसरं शिकवलंच नाही. पण बांधलं त्याने.

कागद चुलीत घातला.

२४ ऑक्टोबर
तो गुणगुणत अंघोळीला जातो. मला बघवत नाही. सांगितलं तर तो उरणार नाही. नाही सांगितलं तर लंबूच्या बायकोला फसवल्यासारखं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली मला! अडाणी होते तेच बरं होतं.

२५ ऑक्टोबर
रडताना धाकट्याने पाहिलं. "काय झालं गं ताई?" म्हटलं, पुढचा धडा डोक्यात शिरत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

२६ ऑक्टोबर
सकाळी धाकट्याने खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. "तुला एकटीला जड जातंय ना? मलाही शिकव, पहिल्यापासून. त्या इंजिनियरपुढे हे गणित मीच मांडून दाखवणार." नाही कशी म्हणू? अपूर्णांकांपासून सुरुवात केली.

त्याला भराभर जमतंय.